‘म्हाका कोणें विचारलें?’

प्रश्न

ताई, मी साखळीजवळच्या एका गावात राहते. वय ३८, हायस्कुलात शिकवते. दीड वर्षापूर्वी आम्ही चौघीपाचजणींनी रविवारी सकाळी धावायला सुरुवात केली. पुढे वाटलं, नुसतं धावून घरी येण्यापेक्षा गावाचं काहीतरी काम करावं. म्हणून धावत जायचं, तासभर श्रमदान करायचं आणि धावत परतायचं असं ठरवलं. प्लास्टिक उचललं, बसथांबा रंगवला, शाळेमागची रानमोडी काढली. ग्रुपवर आता ३१ नावं आहेत, येतात नऊ. त्या नवांतही दोन तट पडलेत. तिघं डिसेंबरच्या अर्धमॅरेथॉनची तयारी करतायत. कामामुळे पाय जड होतात, टायमिंग बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्यांना धावणं फारसं जमत नाही, काम मात्र मनापासून करायचंय, आणि धावणाऱ्यांपुढे त्यांना ओशाळं वाटतं. गावातले लोक कट्ट्यावरून ‘फोटो काढून झाले का?’ म्हणून विचारतात. गणेश चवथीच्या आठ दिवस आधी आम्ही वाड्यावरची झर साफ केली, पायऱ्या घासल्या, काठचं रान उपटलं. तर तिथल्या एक आजी ‘म्हाका कोणें विचारलें?’ म्हणून अंगावर आल्या. चांगलं काम करून हेच ऐकायचं असेल तर करायचं तरी कशाला? नवरा म्हणतो, धाव नाहीतर समाजसेवा कर, एक काय ते ठरव. काय करू? दोन्ही वेगळं करू की बंदच करू?

— एक वाचक, साखळी परिसर

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मलाही वाटलं, भांडण धावणाऱ्यांचं आणि न धावणाऱ्यांचं आहे. दुसऱ्यांदा मात्र आजींपाशी अडकले. तुम्ही त्यांना दीड ओळ दिलीत, तीही तक्रारीची. पण प्रश्न खरा विचारलाय तो त्यांनीच, म्हणून आधी त्यांच्याकडे जाऊ. पाय जड होण्याचं नंतर बघते, ते त्यामानाने सोपं आहे.

‘काठचं रान’ म्हणजे नेमकं काय उपटलंत हो? चवथीच्या आधीचे दिवस, झरीचं ओसंडून वाहणारं पाणी, वर सावली. पैजेवर सांगते, त्यात तेरें होतं. शहरात वाढलेल्याला ते रानटी अळूच वाटणार, आणि आहेही तसंच. कोणी लावत नाही, पावसाबरोबर आपलं आपण येतं. पण कुठल्या झरीचं तेरें घशाला खाजतं आणि कुठल्या झरीचं नाही, हे वाड्यावरच्या बायकांना तोंडपाठ असतं. आंबाडे घालून त्याची भाजी होते. तेरें नसेल तर हळद असेल, पातोळ्यांच्या पानांसाठी कोणीतरी कडेला लावलेली. तीही नसेल तर माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर रानफळं-वेली बांधतात त्या चौकटीचं, काहीतरी असेल. तुमच्या डिचोली-सत्तरीच्या कितीतरी बायका रानातून कांगलां, आंबाडे, वेली गोळा करून म्हापसा-पणजीच्या बाजारात आणतात आणि त्या पैशांतून चवथीचा खर्च भागवतात. मी दरवर्षी त्यांच्याकडूनच माटोळीचं सामान घेते. एका वर्षी एकीने मला सांगितलं होतं, ‘हें आमच्या झरीवयलें.’ आमच्या! झर काय तिच्या नावावर नव्हती. पण तिच्या बोलण्यात खोट नव्हती.

आपल्या गावात बिनधन्याची जागा जवळजवळ नसतेच. एक-चौदाचा उतारा (आपल्याकडचा सातबारा) सोडा, तो कागद आहे. झर, पाट, तळं, मांड, वडाचा पार, वहाळावरची उतरणीची दगडं, या सगळ्यांना कोणी ना कोणी राखणारा असतो, आणि तो राखणारा बहुधा दिसत नाही. १५२६ साली पोर्तुगीजांनी गोव्यातल्या गावकाऱ्यांचे, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थांचे, रीतिरिवाज एका सनदेत लिहून काढले. परक्या राज्यकर्त्यांनाही आधी ‘इथं कोणाचं काय आहे’ ते विचारून घ्यावं लागलं. (मग त्यांनी त्याचं काय केलं ते वेगळं.) तुमचा तालुका त्यांच्या हाती आला तो खूप उशिरा, अठराव्या शतकाच्या शेवटी, पण रीत तीच. आणि आपण बूट घालून, टीशर्ट चढवून रविवारी सातला झरीवर उतरतो तेव्हा ही रीत आपल्या लक्षात नसते.

तुम्हाला एकटीला बोलत नाहीये. माझंच ऐका. पन्नाशीत होते तेव्हा आमचा म्हापशाचा धावण्याचा कंपू होता. जानेवारीतल्या एका पहाटे मोरजीला गेलो. वाळूवर पळायचं आणि मग किनारा साफ करायचा असा बेत. बाटल्या उचलल्या, जाळ्यांचे तुकडे उचलले, आणि हात मोकळे झाल्यावर उत्साहाच्या भरात वाळूच्या टेकाडावर पसरलेली वेल आम्ही तिघांनी ओढून काढली. किनारा नीटनेटका दिसावा म्हणून! जांभळी फुलं, बकरीच्या खुरासारखं दुभंगलेलं पान. मर्यादवेल ती. वाळू धरून ठेवणं हेच तिचं काम. ती गेली की टेकाड वाऱ्याबरोबर सरकू लागतं. एक म्हातारा रापणकार (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा मच्छीमार) लांबून बघत होता. तो आला, उपटलेली वेल उचलून परत जागेवर पसरली, मुळांवर दोन ओंजळी वाळू टाकली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. शिवाय ते दिवस कासवांचे. ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत मोरजी, मांद्रे, दक्षिणेत आगोंद आणि गालजीबागच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. अंधारात दिवे बघून ती बिचकतात, वन खातं घरट्यांना कुंपण घालून राखतं. आणि आमच्यातल्या सातजणांच्या कपाळावर टॉर्च होते. कोणाला विचारलं असतं तर वन खात्याच्या राखणदाराने दोन मिनिटांत सांगितलं असतं. विचारायचं सुचलंच नाही, कारण आपण चांगलं काम करतोय याची इतकी खात्री होती.

तुम्ही म्हणाल, गाडगेबाबा कुठे विचारत होते? गावात शिरले की हातातल्या खराट्याने झाडायला लागायचे. खरंय. पण ते रस्ता झाडत होते, गटार उपसत होते. कोणाच्या परसातली भाजी उपटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि दिवसभर गाव झाडून झालं की रात्री त्याच गावासमोर कीर्तनाला उभे राहत. म्हणजे माणसांशी बोलणं त्यांच्या कामातच होतं.

तुम्ही करता तशा धावण्याचे दोन प्रकार जगात रुजलेत. एक स्वीडनचा. तिथे एरिक आलस्ट्रोम नावाच्या गृहस्थाने २०१६च्या सुमारास धावता धावता कचरा उचलायची टूम काढली. त्याला प्लॉगिंग म्हणतात आणि २०१९च्या गांधीजयंतीला आपल्याकडेही सरकारने तशी दौड काढली होती. यात कोणाला विचारायची फारशी गरज नाही. रस्त्यावरचं चिप्सचं पाकीट कोणाच्याच चवथीला लागत नाही. दुसरा प्रकार लंडनचा, २००९ पासूनचा, गुडजिम नावाचा. त्यात धावणारे जमतात, पळत एखाद्या बागेत, शाळेत, अन्नवाटपाच्या केंद्रावर जातात, तिथे माती ओढतात, खोकी लावतात आणि पळत परत येतात. मला त्यातल्या दोन गोष्टी फार आवडल्या. काम कुठलं हे धावणारे ठरवत नाहीत, ज्याचं काम आहे त्याने मागितलेलं असतं. आणि काहीजण ठरलेल्या दिवशी पळत पळत एखाद्या एकट्या राहणाऱ्या वृद्धाकडे जातात, वीसेक मिनिटं गप्पा मारतात नि परततात. त्या वृद्धाला म्हणतात ‘कोच’. कारण तो दार उघडून वाट बघतो, म्हणून हा पावसातही पळत जातो! उपकार कोण कोणावर करतंय हा हिशेबच त्या एका शब्दाने उलटा केला.

तुमचा प्रकार या दुसऱ्या जातीचा आहे, फक्त मागणारं माणूस त्यातून गळलंय. ते शोधा.

कसं शोधायचं? पंचायतीत अर्ज देऊन नव्हे. (तोही द्या, पुढे सांगते का ते.) वाड्यावरच्या चारपाच म्हाताऱ्या माणसांच्या सोप्यावर जाऊन बसा. ‘आम्ही काय करू?’ असं विचारू नका. त्यावर उत्तर येतं, ‘कांय नाका गो बाये, चाय पी.’ त्याऐवजी विचारा, गेल्या वर्षी काय करायचं राहून गेलं? मग बघा कसं एकेक निघतं. मी पैसे लावायचे तर पाटावर लावीन. पावसानंतर वहाळाचं पाणी कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) आणणारा पाट पानांनी, गाळाने, पडलेल्या झावळ्यांनी भरलेला असतो. पूर्वी प्रत्येक घरातून एकेक माणूस यायचा आणि एका दिवसात तो मोकळा व्हायचा. आता पोरं पणजीला, वेर्ण्याला नोकरीला, काही परदेशात. दोन घरची तीन माणसं आठ दिवस उपसत बसतात, नाहीतर पंप लावतात. नऊ जणांना तीन रविवारांचं काम आहे ते. आणि त्यात शिकण्यासारखंही आहे. पहिल्यांदा पाट उपसायला गेले तेव्हा मी गाळ हाताला सोपं पडेल तसा वरच्या अंगाला टाकत होते. कुळागराच्या मालकाने तो सगळा मला पुन्हा उचलायला लावला. गाळ उताराच्या अंगाला टाकायचा, पायाने दाबायचा, म्हणजे पाटाची कड भरते. वर टाकलेला पहिल्या सरीसरशी परत पाटात. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकात सापडली नसती.

बंधाऱ्यांच्या भानगडीत मात्र एकट्याने पडू नका. सिमेंटच्या खांबांचे, फळ्या घालायचे बंधारे जलस्रोत खात्याचे असतात. फळी कधी घालायची, कधी काढायची हे चुकलं तर वरच्याचं शेत बुडतं नि खालच्याचं सुकतं. गोणींचा छोटा बांध घालायचा तरी ज्याच्या वायंगणाला (हिवाळी भातशेतीला) ते पाणी जातं त्याने सांगितल्यावर, त्याच्या देखरेखीखाली.

आता पंचायत. तिथे जायचं ते परवानगीपेक्षा कचऱ्याच्या गाडीसाठी. हेही मी ठेच खाऊन शिकले. एका रविवारी आम्ही एका ओहळाकाठून १४ गोणी प्लास्टिक काढलं. चिखल निथळत होता, हात कोपरापर्यंत काळे, आणि छाती अशी फुगलेली की विचारू नका. गोणी रस्त्याच्या वळणावर रचल्या. ‘उद्या गाडी येते’ असं कोणीतरी म्हणालं होतं. कोण म्हणालं ते नंतर कोणालाच आठवेना. सोमवारी गाडी आली नाही. रात्री मोकाट गुरांनी गोणी फाडल्या. मंगळवारी वळवाचा पाऊस आला आणि ओहळातून काढलेलं सगळं पुन्हा ओहळात गेलं. काढताना अख्ख्या असलेल्या पिशव्या आता चिंध्या झाल्या होत्या, म्हणजे पुढच्या वेळी काढणं दुप्पट कठीण. समोरच्या घरातल्या बाई महिनाभर मला बघून दार लावायच्या. त्यानंतर नियमच केला. गोणी कुठे जाणार, कोण नेणार, किती वाजता, हे ठरल्याशिवाय पहिली बाटली उचलायची नाही. आणि गाडीत सहा गोणी मावत असतील तर सहाच भरायच्या, सातवीचा मोह झाला तरी. काच वेगळी, क्रेटमध्ये. फुटक्या बाटलीने गोण फाटते आणि मग उचलणाऱ्याचं पोटरीचं मांस. बिअरच्या अखंड बाटल्या भंगारवाला नेतो, त्याला आधी फोन केला की तो टेंपो घेऊन येतोही.

आता तुमचे तिघे अर्धमॅरेथॉनवाले. त्यांच्यावर रागावू नका, त्यांचं म्हणणं खोटं नाही. १५ किलोमीटर पळून आल्यावर तासभर वाकून कुदळ मारली तर कंबर बोलणारच, आणि पोटऱ्या दोन दिवस दुखणार. पण २१ किलोमीटरची तयारी करणाऱ्याला आठवड्यातले सगळे दिवस दातओठ खाऊन पळायचं नसतं हे त्यांनाही ठाऊक असेल. बरीचशी धाव अशी असावी लागते की शेजाऱ्याशी अख्ख्या वाक्यात बोलता यावं. तेव्हा लांब धाव शनिवारी, आणि रविवार सावकाश धावेचा. चार किलोमीटर गप्पा मारत जायचं, काम करायचं, परत. कामाचं ओझं त्यांच्या गळ्यात घालू नका, त्यांना घमेली पुढे सरकवायला लावा, वाकायला नको. आणि महिन्यातून एका रविवारी ते आलेच नाहीत, तर तोंड फुगवू नका. त्याची भरपाई ते आठवड्यात करू शकतात. बुधवारी त्यांना पाचसहा किलोमीटर पळायचंच असतं, तर वाटेत एखाद्या एकट्या आजोबांकडे थांबावं. औषधाची पट्टी पोचवावी, बल्ब बदलावा, वर्तमानपत्र द्यावं. त्यांच्याच भाषेत सांगायचं तर किलोमीटर मोजले जातात, आणि आजोबा कोच.

जे धावू शकत नाहीत त्यांचं ओशाळेपण मला जास्त लागलं. ते त्यांच्या वेगामुळे आलेलं नाही. सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून एकाच वेळी निघायचं असं तुम्ही ठरवलंत, तिथे गडबड आहे. मग पुढचे वळणावर थांबतात, कंबरेवर हात ठेवून घड्याळ बघतात, आणि मागचा धापा टाकत पोचला की पुढे निघतात. त्याला बिचाऱ्याला श्वास घ्यायलाही वेळ नाही! निघायची वेळ काढूनच टाका. ठरवायची फक्त पोचायची. सात वाजता पाटावर. ज्याला दहा किलोमीटर हवेत त्याने पावणेसहाला निघून वाळवंटी नदीच्या कडेने वळसा घालून यावं. ज्याला चालायचंय त्याने साडेसहाला देवळाकडून चालत यावं. आणि एकाने स्कूटरवरून यायचंच, कारण कुदळी, फावडी, घमेली, पाण्याचे कॅन पळत आणता येत नाहीत. स्कूटरवाला नसेल तर तुमचं काम होतच नाही हे ग्रुपवर एकदा मोठ्या अक्षरांत लिहा. अंधारात निघणाऱ्यांनी उजळणारी पट्टी घालावी आणि कुत्र्यांच्या वाड्यातून पळू नये, चालावं. आमच्यातल्या एकाला चौदा दिवसांत चार इंजेक्शनं घ्यावी लागलीत.

आणि काम संपल्यावर सगळ्यांनी एकत्र बसून खायचं. पातळभाजी, पाव, चहा. घाटावर शेतकरी एकमेकांच्या शेतात इर्जिक करायचे, त्यात शेवटी जेवण असायचंच. ते सोडून नुसतं काम उचललं की त्याची वेठ होते. शक्य असेल तर चहा ज्याचं काम केलंत त्याच्या अंगणात. तो म्हणेल मी करतो, तर करू द्या. नको नको म्हणू नका. परत करण्याची संधी माणसाला मिळायला हवी, नाहीतर तो पुढच्या वेळी हाक मारणार नाही.

३१ पैकी नऊ येतात याचं मला काहीच वाटलं नाही. आमच्या गल्लीच्या भजनी मंडळात नावं चाळीस आहेत आणि आरतीला सहा.

महिन्यांचं भान ठेवा, ते जास्त महत्त्वाचं. आत्ता ऑक्टोबर आहे, जमीन अजून ओली. रानमोडी आता मुळासकट निघते. डिसेंबर-जानेवारीत तिला फुलोरा येतो, मग म्हातारीच्या केसांसारखं बी उडतं. तेव्हा ती कापायला गेलात तर अंगाखांद्यावरून तुम्हीच ती गावभर पेराल. नोव्हेंबर पाटांचा. डिसेंबर लागला की जंगलाच्या कडेची कामं बंद ठेवा. २०१५ साली तुमच्या शेजारच्या सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडले, ते तुम्हाला मी सांगायला नको. तो गोचिडीने पसरतो आणि डिसेंबर ते मे हे त्याचे दिवस. पाचोळ्यात बसायचं नाही, कपडे घरी जाताच गरम पाण्यात, आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला फोन. एप्रिल-मेमध्ये काम सावलीतलं घ्या, शाळेची भिंत, वाचनालयाची कपाटं. बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत ठेवा. आणि जून ते सप्टेंबर पाण्याजवळ जाऊच नका. ओढे फसवे असतात, चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, पायाला जखम आणि साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत, म्हणजे लेप्टोला आमंत्रण. पावसाळ्यात नुसतं धावा, भिजा, घरी जा. चार महिने समाजसेवा केली नाही म्हणून गाव बुडत नाही.

पाचोळ्याचा ढीग हाताने उचलायचा नाही, आधी काठीने हलवायचा. फुरसं लहानसंच असतं, पण त्याचा रंग अगदी वाळक्या पानांचा. चावलं तर वैदूकडे नाही, चोखायचं नाही, बांधायचं नाही, पाय स्थिर ठेवून सरळ १०८. गमबूट दोनतीन जोड वर्गणीतून घ्या. टीशर्टांवर खर्च केलात त्यापेक्षा स्वस्त पडतील.

टीशर्टांवरून आठवलं. कट्ट्यावरच्यांना तुम्ही फोटोवाले वाटता, कारण त्यांना तुमचे फोटोच दिसतात, काम त्यांच्या नजरेसमोर कुठे होतं? बसथांबा रंगवलात तेव्हा त्यांच्यातल्या कोणाला ब्रश दिला होता का? मला एका गावी असाच एक चेष्टेखोर भेटला होता. त्याला म्हटलं, बाबा, आमच्या कोयत्यांना धार नाही, काय करायचं? त्याने कोयते हातात घेतले, तोंड वाकडं केलं, आमची अक्कल काढली, आणि घरून कानस घेऊन आला. पुढच्या रविवारी साडेसहालाच हजर. धावत नाही, काम करत नाही, पण धार लावतो आणि सगळ्यांना नावं ठेवतो. असा एक असावा. फोटो काढायचाच तर पाटातून पाणी आलं की पाण्याचा काढा.

यजमानांना सांगा की धावणं आणि काम यांत निवडायला काही नाही. धावणं नसतं तर तुम्ही रविवारी साडेसहाला उठला नसता, आणि काम नसतं तर सहाव्या महिन्यात कंटाळून घरी बसला असता. माझ्या ओळखीतले नुसते धावणारे बहुतेक गुडघ्याचं निमित्त करून थांबले. मीही थांबले, पण माझा गुडघा खरंच गेलाय.

राहिल्या आजी. या रविवारी ग्रुपला सुट्टी द्या. तुम्ही आणि आणखी एक, दोघीच जा. टीशर्ट नको, मोबाइल पर्समध्ये. त्यांच्याकडे ‘सॉरी’ म्हणायची घाई करू नका, आधी विचारा की काठाला काय होतं आणि कुठवर होतं. त्या दाखवतील. बोट करून दाखवतील, कदाचित ओरडतच. तेऱ्याचे कंद जमिनीत राहिले असतील तर ते मिरगाला पुन्हा फुटेल, त्याची फार चिंता नको. हळद असेल तर बियाणं कुठून आणायचं ते त्याच सांगतील, मेमध्ये आणून द्या. झरीच्या पायऱ्या घासल्यात ते त्यांना आवडलं असणार, पण ते त्या सांगणार नाहीत. निघताना विचारा, पाटाचं काम यंदा कधी काढतात.

दिवस कळला की मला कळवा. म्हापशाहून आम्ही दोघीतिघी येऊ. धावत नाही, डिचोलीवरून कदंबाच्या बसने. कोयते आणतो, तुमचे बोथट असणार.